आई-बाबा, मी परत नोकरी शोधणार नाहीये

मालवण, आषाढ

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोन केला की बाबा दोन वाक्यं बोलून फोन आईकडे देतात आणि आई "जेवलीस का" विचारते, मग जे सांगायचंय ते राहूनच जातं, म्हणून लिहायला बसलेय. हे मोबाईलवर डोळे ताणून वाचू नका, खालच्या झेरॉक्सवाल्याला पाठवलंय, तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून ठेवेल, पैसे मी दिलेत.

मुद्द्याचं आधी सांगते. पुण्याच्या कंपनीची ऑफर मी नाही म्हणून कळवली. विचार चाललाय असं नाही, मेल पाठवून झाला. मी इथेच राहून पेट्यांचं, म्हणजे हार्मोनियमचं काम करणार आहे, दुरुस्तीचं आणि ट्युनिंगचं, आणि यापुढे माझा व्यवसाय हाच.

बाबा काही बोलणार नाहीत, उठून गॅलरीत जाऊन उभे राहतील. आई, तू लगेच मागे जाऊ नकोस, दहा मिनिटं राहू दे त्यांना, मग चहा दे, बिनसाखरेचा.

तुम्हाला आधी विचारलं नाही कारण तुम्ही "तुला हवं ते कर" म्हणाला असतात आणि रात्रभर जागे राहिला असतात, आणि बाबांना जागरण चालत नाही हे डॉक्टरांनी ॲंजिओप्लास्टीनंतर तीन-तीनदा बजावलंय. आता ठरलंय, झालंय, तेव्हा जागायचं काही कारण उरलं नाही.

नोकरी गेली त्याबद्दल परत लिहीत नाही. एका सकाळी छोट्याशा कॉलवर अख्खी टीम घरी पाठवली, तुम्हाला सगळं माहितीये. त्यानंतरचे इंटरव्ह्यूही माहितीयेत, प्रत्येकाच्या आधी आई देवाला साखर ठेवायची आणि मी घरी आले की चेहरा बघून काही विचारायची नाही. टेस्टिंगचं माझं निम्मं काम आता मशीनच करतं. परत लागले असते तरी दोन-चार वर्षांनी पुन्हा तोच कॉल, आणि तेव्हा माझं वय अजून वाढलेलं. हा हिशोब मी शांत डोक्याने केलाय, रागात नाही.

कुडाळला मेस्त्रींकडे पेटीदुरुस्ती शिकायला लागले तेव्हा तुम्हाला वाटलं पोरगी मन रमवतेय, सुरुवातीला मलाही तसंच वाटत होतं. मग एकदा त्यांनी एक जुनी पेटी माझ्यासमोर उघडून ठेवली आणि म्हणाले, ह्यातले वाईट सूर शोध. मी कान लावून सांगत गेले, हा, हा आणि हा. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "चेडवा, कान बरो आसा तुझो. हात काय, शिकतलो." इतक्या वर्षांत कुठल्या अप्रेझलला मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

बाबा, तुम्ही आयुष्यभर पेटी वाजवलीत पण आत काय चालतं ते बघितलं नसेल, म्हणून सांगते. रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ, एका बाजूने रिव्हेट मारून बसवलेली. टोकाकडे थोडी खरवडली की सूर चढतो, बुडाशी रिव्हेटजवळ खरवडली की उतरतो. थोडी म्हणजे इतकी थोडी की बोटावर पितळेची पूड दिसत पण नाही, फक्त चमकते. साडेतीन सप्तकांची पेटी असेल तर 42 पट्ट्या, खर्ज (खालच्या, जाड आवाजाची) आणि नर (त्याच्या वरच्या सप्तकाची) अशा दोन लायनी म्हणजे 84 रीड, आणि एकेक काढायची, खरवडायची, बसवायची, ऐकायची, परत काढायची. मोबाईलवर ट्यूनर आहे, काटा सांगतो सूर किती सेंट, म्हणजे किती बारीक मापाने, वर आणि किती खाली, पण शेवटचं कानानेच. खर्ज आणि नर एकत्र वाजवले की एक थरथर ऐकू येते, ती हळू होत होत पूर्ण थांबली पाहिजे. थांबते त्या क्षणी दोन आवाज उरत नाहीत, एकच उरतो. मी तो क्षण दिवसातून कितीदा ऐकते आणि तरी दर वेळी हात थांबतात.

आणि काम आहे हो इथे. समुद्राकाठची हवा पेटीला फार वाईट, खारं लागून पट्टीखालच्या स्प्रिंगा गंजतात, पितळेवर हिरवं धरतं, पावसात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. परवा देवबागच्या एका मंडळाची पेटी आली, मधला एक स्वर पूर्ण गप्प. उघडून बघते तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, बरोबर रीडच्या तोंडावर. वाडीवाडीला भजनी मंडळ, चतुर्थीला घरोघरी भजनं, मग डबलबाऱ्या म्हणजे दोन बुवांचे भजनाचे सामने, मग सप्ते, मग दशावताराच्या जत्रा, आणि पेटी बिघडली की लांब नेऊन टाकायची आणि महिना महिना वाट बघायची. सध्या मधल्या खोलीत ओळीने पेट्या आहेत, ओल लागू नये म्हणून कपाटात रात्रंदिवस बल्ब चालू असतो. सगळ्यांना चतुर्थीच्या आधी हवीय, गजर काय पेटीशिवाय होणारेय?

पैशाचं पण सांगते, नाहीतर बाबा पाकिटाच्या मागे आकडेमोड करत बसतील. पगार होता तेवढे मिळत नाहीत आणि एवढ्यात मिळणारही नाहीत. पूर्ण ट्युनिंगचे अडीच-तीन हजार घेते, भाता नवीन घालायचा असेल तर वेगळे. शिमग्यानंतर मंदी असते, म्हणून शनिवार-रविवार मुलांना पेटी शिकवायला लागलेय. ठाकुर्लीचा फ्लॅट भाड्याने दिलाय, त्यात हप्त्याचा मोठा भाग निघतो, उरलेला तुमच्या जावयाच्या पगारातून. ग्रॅच्युइटीचे पैसे एफडीत, पीएफला हात लावलेला नाही. कोणाकडून उसने घेतलेले नाहीत आणि सोनं जसंच्या तसं लॉकरमध्ये आहे, आईने दिलेल्या पाटल्यांसकट.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. बाबा, तुमच्या डोक्यात भाऊकाका आले असणार. मला सगळं माहिती नाही, आईने कधी पूर्ण सांगितलं नाही आणि मी विचारणार पण नाही. पण आजीने शेवटपर्यंत त्यांच्या नावाचं ताट का वाढलं आणि तुम्ही एवढी चांगली पेटी वाजवत असून कधी पैसे घेऊन का वाजवली नाहीत, एवढं मोठी झाल्यावर मला कळत गेलं. मी कुठे पळून आलेली नाही. माझा नवरा, माझी पोर माझ्याबरोबर आहेत, हिशोबाची वही आहे, रात्री साडेनऊला मी घरातच असते. आणि एक गोष्ट, तुम्हाला त्रास होणार असेल तर इथपर्यंतच वाचा. मेस्त्रींनी माझं माहेरचं आडनाव विचारलं, मग जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "भाऊचो हात गोड होतो." एवढंच. वाईट एक शब्द नाही. मला वाटलं हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

तुम्हीच सांगायचात ना, आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, हे परदेशी वाद्य, ह्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आपल्या गाण्याला चालत नाही म्हणून, आणि ती थोडी तरी उठायला 1971 उजाडलं. तेवढी वर्षं रेडिओवर नव्हती पण कोकणातल्या देवळांतून कोणी ती बाहेर काढली नाही. पेटीवादक तुळशीदास बोरकरांना 2016 ला पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही पेढे आणलेत, घरातलं कोणीतरी असल्यासारखे. मग त्याच वाद्याचं काम करणारी मुलगी लोकांना सांगायला तुम्हाला कमीपणा वाटू नये एवढंच वाटतं. सोसायटीत कोणी विचारलं तर सरळ सांगा, मुलगी मालवणात पेट्या दुरुस्त करते. आई, तू "सध्या गावी आहे" असं सांगतेस ते कळलंय मला, रागावले नाही, पण आता नीट सांगत जा.

मला काही कमी नाहीये इथे, खरंच. घराची कौलं मे महिन्यातच परतून घेतली, गळत नाही. इन्व्हर्टर बसवलाय, लाइट गेली तरी पंखा चालतो. मासेमारीची बंदी 31 जुलैला उठेल, तोवर सुकट आणि टाकळ्याची भाजी, शेजारच्या काकी अळू देतात, भात इथलाच. पोर शाळेत रुळली, मालवणी बोलायला लागलीय, मला परवा "गे आये" म्हणाली आणि मला एकदम आजी आठवली.

आणि तुमचं. मला माहितीये की मी ठाकुर्लीत होते तेव्हा रिक्षाने वीस मिनिटांत दारात यायचे आणि आता एक अख्खी रात्र लागते. ही एकच गोष्ट माझ्या मनाला लागून राहते, बाकी कशाचंच ओझं नाही. म्हणून सगळं लावून दिलंय. जावई दर महिन्याला आठवडाभर ऑफिससाठी तिकडे येणार तो हॉटेलात नाही, तुमच्याकडेच राहणार, त्याला आतली खोली द्या, सोफ्यावर झोपवू नका. जड सामान, बँक, दवाखाना सगळं त्या आठवड्यासाठी ठेवा. मावशी आता संध्याकाळी पण येतील, पोळ्या करतील, आई तू त्यांच्या पोळीला नावं ठेवू नकोस, गुडघ्यांपेक्षा पोळी मोठी नाही. औषधं केमिस्ट महिन्याच्या महिन्याला घरी आणून देईल, आता डबीवर सकाळ-रात्र लिहून देणार आहे. माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही होतात तो बंद झाला, त्याचा घोर तुम्हाला होता हे आईने न सांगता कळलं. आपली वेगळी पॉलिसी मी घेतलीय. आणि बाबांचं सत्तरीच्या वरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचंय, उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, फक्त आधार लागतं. जावई आला की त्याच्याबरोबर जा, एकटे लाइनीत उभे राहू नका.

बाबा, तुम्हाला आठवतं का माहिती नाही, दर गुरुवारी तळमजल्यावरच्या भजनाला तुम्ही मला भाता मारायला बसवायचात. माझा हात छोटा, मध्येच वारा तुटायचा, सूर बसायचा, आणि तुम्ही न ओरडता नुसता माझ्या हातावर हात ठेवायचात. आरतीच्या आधीच मी तिथेच झोपून जायचे. मग तुम्ही मला खांद्यावर टाकून तीन जिने चढायचात आणि आई मागून पेटी घेऊन यायची, तिच्या जुन्या लुगड्याची खोळ घातलेली. मी बऱ्याचदा जागी असायचे. उतरवून ठेवतील म्हणून डोळे मिटून पडून राहायचे. अजूनही पेटीच्या आतल्या जुन्या लाकडाचा वास आला की मला तुमच्या शर्टाचा वास येतो, खरं सांगते.

असो. आता ऐका दोघं, हे ऐकायचंच आहे. माळ्यावर स्टूल लावून कोणी चढायचं नाही, बरण्या सगळ्या खाली आणून ठेवल्यात. बाबांच्या ताटात पापड, लोणचं, सुकट एकाच दिवशी तिन्ही नकोत, मीठ बघा. बीपी रोज सकाळी चहाच्या आधी मोजायचं आणि वहीत लिहायचं, मनातल्या मनात नाही. जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात, कपाटात ठेवून उपयोग काय? फोनवर कोणी पोलीस, सीबीआय, बँक म्हणालं की फोन ठेवायचा, ओटीपी कोणालाही नाही, माझं नाव घेऊन मागितला तरी नाही. रात्री बाथरूमचा दिवा चालूच ठेवायचा, बिल मी भरतेय.

चतुर्थीला या. न येण्याचं डॉक्टर म्हणाले नाहीयेत, मी स्वतः विचारलंय. जनरलच्या गर्दीत नाही, वंदे भारतने, ठाण्याला बसायचं आणि कणकवलीला उतरायचं, पावसाळ्यात ती रोज नसते म्हणून जावई वार बघून तिकिटं काढेल, त्याचीही तुमच्यासोबतच. कणकवलीला मी गाडी घेऊन उभी असेन. बाबांना वाटत असेल दुसऱ्या रात्री वाडीतल्या भजनाला बसावं, तर बसा. पेटी मी काळी दोनच्या पट्टीत नीट लावून ठेवते, भाता मी मारेन, तुम्ही दम लागेल असं काही करू नका. नाही बसावंसं वाटलं तरी चालेल, नुसते या.

तुमची,
मोठी

ता.क. मागच्या ईसीजीचा फोटो तिरका आलाय, तारीख दिसत नाही. परत काढा, खिडकीजवळ धरून, आणि आजच पाठवा. मला तो डॉक्टरांना दाखवायचाय.