शेजारच्या लेकीस, चिपळूणहून

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

गेल्या गणपतीत तू चार दिवसांसाठी घरी आलीस आणि त्यातल्या दोन दुपारी आमच्या माडीवर राउटरपुढे बसून काढल्यास. आरतीच्या गडबडीत मी धड आभारही मानले नाहीत. ते आज सगळ्यांदेखत मानतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आळीत शिरलं, ते तुला सांगायला नको. त्यानंतर मी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. दर ०.२ मिलिमीटर पावसाला त्यातलं इवलंसं भांडं कलंडतं आणि माडीवरचा छोटा संगणक तो हिशेब इंटरनेटवरच्या आमच्या पानावर मांडतो. बाजारपेठेतले दुकानदार, पुण्या-मुंबईचे नातेवाईक ते पान बघतात. पण पाऊस कोसळला की वीज जायची. ती आली की राउटर नवा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आमचा आकडी पत्ता, घेऊन उठायचा आणि आमचं डोमेन, म्हणजे पानाचं नाव, मात्र जुन्याच पत्त्यावर लोकांना धाडत राहायचं. ज्या रात्री आकडा हवा, त्याच रात्री पान बंद! मी रात्री-अपरात्री उठून पत्ता हाताने बदलायचो, तरी लोकांना जुनाच दिसायचा. का, ते मला दोन वर्षं कळलं नव्हतं.

तू आधी काहीच बदललं नाहीस. राउटरमध्ये दिसणारा पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एकच आहे ना, ते ताडून पाहिलंस. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला निघाला असता, तर एकाच पत्त्यामागे इंटरनेट कंपनीने अनेक घरं बसवली आहेत असं समजायचं. मग डोमेन कितीही अचूक लावा, बाहेरचा माणूस आपल्या दारापर्यंत पोचत नाही. आपला पत्ता स्वतंत्र होता, फक्त बदलता. मग तू डोमेनची नोंद उघडलीस आणि बोट ठेवलंस: टीटीएल ८६४०० सेकंद. म्हणजे एकदा विचारलेला पत्ता लोकांकडे २४ तास तसाच जपला जाणार. तो आकडा तू ३०० केलास. माझ्या दोन वर्षांच्या जागरणांचं उत्तर त्या एका रकान्यात होतं.

मग ती दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने आपोआप पाळायच्या सूचना. दर पाच मिनिटांनी ती बाहेर विचारते, ‘माझा पत्ता काय?’ आधीचाच असेल तर गप्प बसते, बदलला असेल तरच नोंद दुरुस्त करते. तिला दिलेली चावी, म्हणजे नोंद बदलण्याची सांकेतिक परवानगी, तीही तू फक्त आपल्या डोमेनच्या नोंदी बदलण्यापुरतीच ठेवलीस. राउटरवर एकच पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एकच दार, उघडलंस. मी गच्चीवरचा कॅमेराही बाहेरून दिसू दे म्हणालो, तेव्हा ‘काका, तो नको’ असं ठाम सांगितलंस. त्या नकाराचे वेगळे आभार.

शेवटी माझ्या फोनवर पान उघडेना आणि मी हिरमुसलो. तू म्हणालीस, ‘वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर बघा.’ पान लगेच आलं. आपला राउटर घरातून निघून घरातच येणारी वाट ओळखत नव्हता, एवढंच. आणि उठण्याआधी हे सगळं तू माझ्याकडून डायरीत लिहून घेतलंस, एकेक पायरी, माझ्याच अक्षरात.

यंदा जुलैत एका रात्री तीनदा वीज गेली. मी झोपलो होतो. सकाळी स्क्रिप्टची नोंद वाचली: पत्ता तीनदा बदललेला, तिन्ही वेळा आपोआप दुरुस्त. बाजारातल्या कापड दुकानदाराने रात्री दोनला आकडा बघून गठ्ठे पोटमाळ्यावर चढवले होते. पाणी आलं नाही, पण ‘त्यानंतर मला झोप लागली’ असं तो म्हणाला. हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं होतं, म्हणून हे पत्र.

काकूने नारळ बाजूला काढून ठेवलेत. या वेळी राउटर नाही, नुसते मोदक.

तुझा,
माडीवरचा काका