खात्यांचे संघ आहेत, शहरांचे नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२५ मध्ये दुबईत झालेल्या ‘बास्केटबॉल चॅम्पियन्स लीग आशिया’ या स्पर्धेची बातमी आपल्या क्रीडा पानावर आली नाही, किंवा आली असल्यास माझ्या नजरेतून निसटली. त्याबद्दल तक्रार नाही. ज्या स्पर्धेत आपल्याकडच्या वाचकाला आपला म्हणावा असा संघच नाही, तिच्यासाठी जागा काढणे कोणत्याही संपादकाला जड जाते, हे मी जाणतो. पण तसा संघ का नाही, हा प्रश्न आपल्या पानावर येण्याजोगा आहे असे वाटते, म्हणून हे पत्र.

आशियातील क्लबांची अजिंक्यपद स्पर्धा नवी नाही. ती १९८१ मध्ये हाँगकाँगला सुरू झाली, पुढे नावे बदलत चालत राहिली आणि २०२४ पासून दुबईत या नव्या नावाने भरू लागली. देशांच्या राष्ट्रीय संघांचा आशिया चषक निराळा आणि ही स्पर्धा निराळी. येथे जर्सीवर देशाचे नव्हे, क्लबाचे नाव असते आणि विजेत्याला पुढे इंटरकॉन्टिनेंटल चषकात इतर खंडांच्या विजेत्या क्लबांशी खेळण्याची संधी मिळते. २०२५ ची स्पर्धा जपानच्या उत्सुनोमिया ब्रेक्स या क्लबाने अंतिम सामन्यात बैरुतच्या अल रियादीला हरवून जिंकली. तो सामना मी मोबाइलवर पाहिला आणि त्यानंतर दोन दिवस माझ्या मनात खेळापेक्षा त्या शहराचाच विचार घोळत होता.

उत्सुनोमिया हे टोकियोच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर असलेले, सुमारे पाच लाख वस्तीचे शहर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या पावणेपंधरा लाखांच्या वर होती, म्हणजे ते शहर आपल्या एक तृतीयांश. जपानमध्ये त्याची ख्याती आहे ती ‘ग्योझा’ या पदार्थामुळे; सारण भरून, कडा मुरडून, तव्यावर खरपूस भाजलेली लहानशी करंजीच म्हणा ना. आपल्याकडे मिसळ कोणाकडची खरी यावरून जसे वाद होतात, तसे तिकडे ग्योझावरून होत असणार. महानगराच्या सावलीतले, खाण्यासाठी ओळखले जाणारे असे हे शहर. मुंबई आणि नाशिक यांच्या नात्याशी त्याचे थोडे साम्य मला दिसते. त्या शहराचा संघ पिवळ्या रंगात खेळतो, पाठीराखे पिवळे सदरे घालून येतात आणि घरचे सामने ज्या सभागृहात होतात ते मुळात शहर प्रशासनाचे सार्वजनिक व्यायामगृह आहे. आशियाचा विजेता संघ पालिकेच्या व्यायामगृहात खेळतो, एवढे वाक्य आपल्या महापालिकेच्या क्रीडा विभागापर्यंत पोहोचले तरी या पत्राचे अर्धे काम झाले.

आता आपल्याकडे वळू. भारतात बास्केटबॉल नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३४ पासून आहे, १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये आपला संघ खेळला आहे, २०१४ मध्ये वूहान येथे आपण यजमान चीनला त्यांच्याच मैदानावर हरवले आहे. पण राष्ट्रीय पातळीवर ज्या संघांची नावे वर्षानुवर्षे ऐकू येतात ती पाहा: भारतीय रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, आयकर खाते, केरळचे वीज मंडळ. हे सगळे खात्यांचे, आस्थापनांचे संघ आहेत. राज्यांचे संघ आहेत ते स्पर्धेपुरते निवडले जातात आणि स्पर्धा संपली की विखुरतात. ज्याला एक गाव आहे, एक कोर्ट आहे, बारा महिने चालणारा सराव आहे आणि तळाशी दहा-बारा वर्षांची मुले आहेत, असा क्लब त्या यादीत शोधून सापडत नाही. आंतरराष्ट्रीय क्लब स्पर्धेचे भारताला निमंत्रण आले तरी पाठवायचा संघ एकतर एखाद्या खात्याचा असणार, नाहीतर ऐनवेळी जमवलेला.

खात्यांच्या संघांवर टीका करण्याचा मला नैतिक अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला बँकेतली नोकरी बास्केटबॉलमुळेच लागली. महाविद्यालयात असताना क्रीडा कोट्यातून घेतले गेलो, बारा वर्षे बँकेच्या संघातून खेळलो, मग गुडघा गेला आणि काउंटरवर बसून निवृत्तीपर्यंत पोहोचलो. माझ्या वडिलांना खेळाचे काडीचे कौतुक नव्हते. नियुक्तिपत्र आले त्या दिवशी मात्र त्यांनी पेढे वाटले. त्या नोकरीने घर उभे केले आणि मुलींची शिक्षणे झाली, त्यामुळे कोटा बंद करा असे मी कधीही म्हणणार नाही. तरीही खरे ते सांगितले पाहिजे. आमचा संघ जिंकला तेव्हा टाळ्या वाजवायला आमचेच सहकारी असत, तेही साहेबांनी अर्ध्या दिवसाची सवलत दिली तर. ज्या शहरात आम्ही राहत होतो, त्याला आमच्या जिंकण्या-हरण्याशी देणेघेणे नव्हते. आणि नोकरी हेच ध्येय असल्यामुळे ती लागली की अनेकांचा खेळ तिथेच थांबे. चोविसाव्या वर्षी कायम झालेला खेळाडू पंचविसाव्या वर्षी सकाळचा सराव टाळू लागतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

जपानची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. तिकडचे बडे संघही मुळात कंपन्यांचेच होते. त्यातच दोन प्रतिस्पर्धी लीग एकमेकींशी भांडत होत्या आणि तो गोंधळ मिटत नाही म्हणून जागतिक संघटना ‘फिबा’ने नोव्हेंबर २०१४ मध्ये जपानला चक्क निलंबित केले. तेव्हा साबुरो कावाबुची या फुटबॉलमधल्या अनुभवी प्रशासकाकडे सूत्रे दिली गेली, २०१५ मध्ये निलंबन उठले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ‘बी लीग’ ही एकच लीग सुरू झाली. या फेररचनेत टोयोटाचा संघ ‘अल्वार्क टोकियो’ म्हणून उभा राहिला, तोशिबाचा संघ कावासाकी शहराच्या नावाने खेळू लागला, हिताचीचा संघ टोकियोतील शिबुयाशी जोडला गेला. कंपन्या निघून गेल्या असे नाही, त्यांचा पैसा आणि पाठबळ राहिले, पण जर्सीवरचे नाव गावाचे झाले. वरच्या श्रेणीत खेळायचे तर पुरेशा आसनांचे घरचे सभागृह हवे आणि पंधरा वर्षांखालील मुलांचा संघ चालवलाच पाहिजे, अशा अटीही आल्या. आसनांच्या अटीपेक्षा मला मुलांची अट मोलाची वाटते.

फळ यायला फार वेळ लागला नाही. २०१९ मध्ये बँकॉकला अल्वार्क टोकियोने आशियाई क्लब विजेतेपद मिळवले. पूर्व आशियाई सुपर लीग या दुसऱ्या एका क्लब स्पर्धेत २०२४ मध्ये चिबा जेट्स आणि २०२५ मध्ये हिरोशिमा ड्रॅगनफ्लाइज जिंकले. मग उत्सुनोमिया. एकाच देशाची चार निरनिराळी गावे.

हे श्रीमंत देशालाच जमते असा आक्षेप येईल, आणि पैशाचा भाग मी नाकारत नाही. पण लेबनॉनकडे पाहावे. पंधरा वर्षांच्या यादवी युद्धातून १९९० मध्ये बाहेर पडलेला, वीजही धड न मिळणारा तो चिमुकला देश. त्याच्या बैरुत शहरातील साजेस या क्लबाने १९९९ मध्ये आशियाई विजेतेपद मिळवले आणि पुढच्याच वर्षी ते राखले. त्याच शहरातील, १९३४ पासून चालत आलेल्या अल रियादीने २०११ आणि २०१७ मध्ये तेच विजेतेपद मिळवले. साजेसचे मूळ एका शाळेशी निगडित आहे, हे मुद्दाम नमूद करतो. नाशकात मोठे मैदान असलेल्या शाळा किती आहेत, ते आपल्या वाचकांनी मोजावे.

आपल्याकडे लीगचे प्रयोग झाले नाहीत असेही नाही. २०१५ ते २०१७ या काळात यूबीए नावाची व्यावसायिक लीग चालली, तीत ‘पुणे पेशवाज’ आणि ‘मुंबई चॅलेंजर्स’ असे संघही होते. नावात शहर होते, पण सामने बहुधा एकाच केंद्रावर उरकले जात आणि सदाशिव पेठेतल्या मुलाला पेशवाजच्या सरावात पाय ठेवण्याची सोय नव्हती. लीग बंद पडली तेव्हा पुण्यात कोणी हळहळल्याचे मला आठवत नाही, कारण पुण्याचे त्यात काही गेलेच नव्हते.

शहराचे म्हणजे काय, हे खरे तर नाशिककराला शिकवण्याची गरज नाही. जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी रंगपंचमीला उघडतात, तेव्हा माती उपसण्यापासून रंग उकळण्यापर्यंतची कामे त्या त्या भागातली माणसेच करतात, प्रत्येक रहाडीचा रंग आणि मान ठरलेला असतो आणि वर्षभर बुजवून ठेवलेला तो हौद आपला आहे हे गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. तालमींचेही तेच होते. बास्केटबॉलच्या क्लबाला लागते ती हीच जातकुळी. फरक इतकाच की येथे हौदाऐवजी अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद अशी सपाट फरशी लागते.

त्या फरशीची आपल्याकडे काय अवस्था आहे, ते थोडे सविस्तर सांगतो. शहराच्या पश्चिम भागातील एका सार्वजनिक मैदानावर मी आणि माझे दोन जुने सवंगडी रोज सकाळी सहा ते साडेसात वीसेक मुलामुलींना शिकवतो. कोर्ट सिमेंटचे आहे. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाच्या मंडपासाठी त्यात लोखंडी पहारीने खड्डे पाडले गेले. मंडप तीन दिवसांत उठला, खड्डे राहिले. मोजून बारा आहेत. ते मातीने बुजवलेले असल्यामुळे ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू टप्पे देत नेताना, तो त्यावर पडला की ‘थप्’ असा आवाज येऊन तिथेच बसतो. मुलांना ते इतके पाठ झाले आहेत की ती खड्डे चुकवत वाकडी धावतात आणि बाहेरगावी चांगल्या कोर्टवर गेल्यावरही, जिथे काहीच नाही तिथे, उगाच वळण घेतात. तीन गुणांची रेषा अजून सव्वासहा मीटरचीच रंगवलेली आहे. ‘फिबा’ने ती पावणेसात मीटर केली त्याला २०१० पासून दीड दशक लोटले. आम्ही खडूने नवी रेषा ओढतो, पावसाळ्यात ती रोज पुसली जाते. पाणी काढायला घरून वायपर आणतो. एका रिंगला लोंबकळून कोणीतरी ती पुढे झुकवली आहे, त्यामुळे त्या बाजूला बास्केट सोपी जाते आणि नाणेफेक जिंकणारा संघ तीच बाजू मागतो. संबंधित कार्यालयात तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच माझ्याकडे आहे. मैदानाच्या भाड्यातून उत्पन्न मिळते, असे तोंडी उत्तर मिळाले. ते खरेही असेल, पण मंडपवाल्याच्या अनामत रकमेतून खड्डे बुजवून घेता येत नाहीत का, या माझ्या प्रश्नावर समोरच्या गृहस्थांनी चहा मागवला.

माझी मागणी उत्सुनोमियाएवढी मोठी नाही. शहरातील शाळा-महाविद्यालयांची कोर्ट संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात; त्यांपैकी चार-पाच जरी नोंदणीकृत क्लबांना, देखभालीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकून, रात्री नऊपर्यंत मिळाली तर पंचवटी, सिडको, नाशिकरोड, सातपूर आणि गंगापूर रोड असे पाच क्लब पुढच्या जूनपर्यंत उभे राहू शकतात. खेळाडू आहेत, शिकवणारे निवृत्त लोकही आहेत, माझ्यासारखे फुकट येणारे. महापालिकेने आपल्या बंदिस्त सभागृहात महिन्यातून दोन रविवार लग्ने आणि प्रदर्शने यांतून वगळून या पाच संघांच्या साखळी सामन्यांसाठी द्यावेत. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांनी जर्सीवर पाठीमागे आपले नाव जरूर घालावे, पुढे मात्र त्या भागाचे नाव असावे. ढोलांची चिंता नाही, ती पथके न बोलावताही येतील.

आणि आपल्या दैनिकाकडे एक विनंती. सामने सुरू झाले तर सोमवारच्या अंकात त्यांचा निकाल चार ओळींत छापावा, हरलेल्या संघाच्या गुणांसह. सिडकोच्या मुलाला आपले नाव पंचवटीतल्या घरात वाचले जाते हे कळले पाहिजे.

प्रतिनिधी पाठवणार असाल तर कृपया संध्याकाळी सहाच्या आत पाठवावा. साडेसहाला त्याच कोर्टवर चारचाकी शिकवणाऱ्यांच्या गाड्या येऊ लागतात, आणि उत्तरेकडच्या रिंगखालचे दोन खड्डे त्यानंतर दिसत नाहीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी व माजी बास्केटबॉलपटू
गंगापूर रोड, नाशिक