'नो सिग्नल' म्हणजे मदरबोर्ड गेला असं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बेळगावच्या वडगावात राहते, घरातच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मंडळांची पावतीबुकं, मराठी कन्नड दोन्ही. यंदा ऐन गणपतीच्या तोंडावर चार मंडळांचं काम अंगावर असताना एका सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं तर आत पंखे फिरायलेत, लाइट लागलाय, आणि मॉनिटरवर नुसतं 'नो सिग्नल'. चार-पाच वेळा बंद-चालू केलं, काही होईना. शेवटी रिक्षात घालून बाजारात एका दुकानात नेला. दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो आतला मुख्य बोर्ड) गेलाय, एवढा जुना बोर्ड आता मिळत नाही, म्हणजे प्रोसेसर (कॉम्प्युटरची मुख्य चिप) आणि रॅमपण (काम चालू असताना लागणारी मेमरी) नवीन घ्यावी लागेल, अठरा हजार होतील, आणि फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं घालावी लागेल. माझ्या समोर उघडून काही दाखवलं नाही. अठरा हजार नव्हतेच म्हणून तसाच परत आणला आणि खरं सांगते, दहा वर्षांच्या पत्रिकांच्या फायली गेल्या म्हणून रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी नणंदेचा मुलगा आला, डिप्लोमाला आहे. त्यानं वायर काढली, कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून बाजूला ठेवल्या, आणि बोर्डाला एक छोटा स्पीकर लावून रॅम नसतानाच चालू केला. लगेच पीप पीप आवाज आला. म्हणाला, मामी, बोर्ड जिवंत आहे, रॅम नाही म्हणून ओरडायलाय, मेलेला बोर्ड ओरडत नाही. मग वायर परत काढून पट्टीच्या सोनेरी पिनांवरून साधा खोडरबर हलक्या हातानं फिरवला, भुसा झटकला, स्लॉटमध्ये ब्रश मारला, आणि पट्टी दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवली. बटण दाबलं, स्क्रीन आली. मी तिथंच रडायला लागले.

आमच्या भागात हे जास्त का होतं ते पण त्यानं सांगितलं आणि मला ते पटलं. पावसाळ्यात आपल्याकडे झड लागली की हवा दमट, पिनांवर बारीक थर बसतो. त्यात वडगाव, खासबाग, शहापूर म्हणजे गल्लोगल्ली माग, सुताचे तंतू पंख्यानं आत ओढले जातात. माझ्या डब्यातून मूठभर निघाले. खानापूरकडं तर पाऊस याहून जास्त.

म्हणून हे पत्र. दुकानात न्यायच्या आधी घरी काय बघायचं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. 'नो सिग्नल' ही पाटी मॉनिटर स्वतः दाखवतो, म्हणजे मॉनिटरला करंट आहे, पलीकडून चित्र येत नाही एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा मॉनिटरच्या बटणातून इनपुट (चित्र कुठल्या केबलमधून घ्यायचं ती सेटिंग) बघा, केबल एचडीएमआयची आणि सेटिंग व्हीजीएवर (या केबलच्या दोन जाती) असं पुष्कळदा असतं. व्हीजीएची केबल असेल तर दोन्हीकडचे स्क्रू आवळा, आतली पिन वाकली नाही ना बघा, उंदरानं कुरतडली नाही ना बघा. घरात टीव्ही असेल तर एचडीएमआयनं त्याला जोडून बघा, टीव्हीवर चित्र आलं तर दोष मॉनिटरचा नाहीतर त्याच्या केबलचा. आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा, लाइट लागायला-विझायला लागला तर कॉम्प्युटर आत चालू आहे, फक्त दिसत नाही.

ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं कार्ड) आहे त्यांनी केबल कार्डाच्याच पोर्टला लावायची, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही. निपाणीच्या माझ्या मैत्रिणीनं लेकासाठी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, तिची चार दिवस हीच गत. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबरमागे 'एफ' अक्षर असतं त्याला स्वतःचं ग्राफिक नसतंच, त्यामुळं बोर्डाच्या पोर्टातून काही येणारच नाही.

रॅम साफ करायच्या आधी मात्र वायर भिंतीतून काढा, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जातो, डब्याच्या पत्र्याला हात लावून मगच पट्टीला हात लावा, आणि सोनेरी पिनांना बोट लावू नका. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, स्लॉट बदलून बघा. तरी नाही आलं तर वायर परत काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं काढून परत घाला, त्यानं बायोसची (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) सेटिंग मूळ जागी येते. नवीन बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक) असे बारीक लाइट असतात, कुठला लागून राहतो त्यावरून दोष कुठं आहे ते कळतं. पंखाच फिरेना, जळका वास आला, किंवा बोर्डावरचे कपॅसिटर (छोटे नळकांड्यासारखे भाग) फुगलेले दिसले तर मग दुकानातच न्या. पॉवर सप्लायचा डबा घरी कुणी उघडू नये, वायर काढली तरी त्यात करंट साठून राहतो, हे लेकरांना नक्की सांगा.

आणि फॉरमॅटचं. बटण दाबल्यापासून स्क्रीनवर कंपनीचं नावसुद्धा येत नसेल तर विंडोजपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही, मग फॉरमॅट मारून काय होणार? फायली हार्ड डिस्कवर असतात, त्या नो सिग्नलमुळं जात नाहीत. मला हे माहीत असतं तर ती रात्र मी रडत काढली नसती.

त्या दुकानाचं नाव मी लिहीत नाही. प्रामाणिक कारागीर आपल्या गावात पुष्कळ आहेत, त्यांच्यावर माझं काम चालतं. पण उचगाव, जांबोटी, नंदगडकडून माणसं बसमध्ये मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन येतात, एक दिवसाचा रोजगार बुडवून, त्यांना दोन ओळीत 'बोर्ड गेला' सांगून पाठवणं बरं नव्हे. सगळ्या दुकानदारांना हात जोडून विनंती आहे की गिऱ्हाइकासमोर डबा उघडा, रॅम काढून-घालून दाखवा, खर्च किती ते आधी कागदावर लिहून द्या, आणि पार्ट बदलला तर जुना पार्ट पिशवीत घालून परत द्या. साफसफाईचे दोनशे रुपये घ्या, आम्ही आनंदानं देऊ.

आपल्या पेपरात दर पावसाळ्यात गॅस, विजेची मोटार यांची काळजी कशी घ्यावी ते येतं, त्यात कॉम्प्युटरचाही एक चौकोन टाकावा. शाळा-कॉलेजच्या पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म आता यावरच भरले जातात.

आपली,
डीटीपीचं काम करणारी एक वाचक,
वडगाव, बेळगाव