गोष्ट संपली की लगेच प्रश्न नकोत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. २०१५ पासून ही प्रथा पडली आहे. दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात फोटो येतो: मुलं ओळीत मांडी घालून बसलेली, प्रत्येकाच्या हातात पुस्तक आणि झाडून सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. असो, त्या निमित्ताने कपाटं तरी उघडतात. पण पाच-सहा वर्षांच्या पोराला वाचनाची गोडी लागायची ती घरातच, आणि तीही घरातल्या मोठ्यांनी वाचून दाखवलं तर.

तिथेच आपलं घोडं पेंड खातं. आमच्या कॉलनीत आईबाप मुलांना पुस्तकं आणून देतात, नाही असं नाही. एखादी आई हौसेने वाचूनही दाखवते. पण गोष्ट संपते न संपते तोच सुरू होतं, ‘मग यातून आपण काय शिकलो? कोल्ह्याला इंग्रजीत काय म्हणतात? स्पेलिंग सांग बघू.’ दिवसभर शाळा, संध्याकाळी ट्यूशन आणि रात्री आईच्या कुशीतही तोंडी परीक्षा! मूल पुस्तक बघून पळणार नाही तर काय? गोष्ट संपली की गप्प बसावं. मुलाला काही विचारायचं असेल तर ते विचारतंच, कधी कधी दोन दिवसांनी, बसच्या रांगेत.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं, की मूल तान्हं असल्यापासून पालकांनी त्याला मोठ्याने वाचून दाखवावं. त्याला काय कळतंय, असं आपल्याला वाटतं. पण घरात दिवसभर आपण मुलांशी बोलतो तरी काय? जेव, आवर, डबा संपवलास का, रिक्षा आली. पाणवठा, ढोली, लबाड, हिरमुसलं हे शब्द त्याच्या कानावर पडणार कुठून? ते गोष्टीतच भेटतात, आणि आईच्या आवाजात भेटले तर अर्थ सांगत बसावं लागत नाही. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं तर तेच वाचावं. पान गाळलं की चोरी लगेच पकडली जाते, हे आज्यांना वेगळं सांगायला नको.

माझी नात इंग्रजी माध्यमात पहिलीला आहे. घरी मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. ‘सूर्य’ दिसला की ‘सूय’ म्हणून पुढे जाते, कारण डोक्यावरचा रफार तिच्या हिशेबात अजून नाही. ‘चंद्र’ला पायाशी तिरपी रेघ, ‘राष्ट्र’ला खाली टोपी, एकाच ‘र’चे इतके अवतार बघून तिने मला ‘हा र कुठेही कसा बसतो?’ असं रागाने विचारलं होतं. अशा वेळी प्रत्येक शब्दाला टोकलं की पुस्तक मिटलंच म्हणून समजा. आम्ही एक ओळ मी, एक ओळ ती असं वाचतो. तिने ‘सूय’ म्हटलं तरी मी माझ्या ओळीत ‘सूर्य’ वाचते, एवढंच. इंग्रजी शाळेत घातलंय तर मराठी वाचून गोंधळ होईल, ही भीती पालकांनी सोडून द्यावी. ज्या भाषेत मूल भांडतं, हट्ट करतं, त्या भाषेतली गोष्ट त्याला सगळ्यात आधी कळते. शिवाय आपल्याकडे अक्षरं आणि काना-मात्रा एकदा बसल्या की नवा शब्दही वाचता येतो. इंग्रजी स्पेलिंगसारखी पाठांतराची कटकट नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: मुंबईत वेळ कुठे आहे, जागा कुठे आहे? खरंच आहे ते. आठ-साडेआठला लोकलमधून लोंबकळत घरी आलेल्या माणसाला मी काय उपदेश करणार? एका खोलीत सासूबाईंची मालिका चालू आणि कुणाची पहाटेची पाळी असेल तर दहाला दिवा बंद. म्हणून रात्रीचाच हट्ट नको. मेथी निवडताना पोराला समोर बसवावं आणि पेपरातले मोठे मथळे वाचायला सांगावेत. प्लॅटफॉर्मवरच्या पाट्या आहेत, बसवरचे मराठी आकडे आहेत. पुस्तकं मात्र शोकेसच्या काचेआड नकोत, पोराचा हात पोचेल तिथे, खाली हवीत. फाटली तर चिकटपट्टी आहे.

पैशाचंही फार अडत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत, वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या. मोबाइल हाती देण्याऐवजी त्यांची प्रिंट काढावी. वाढदिवसाला प्लॅस्टिकचं रिटर्न गिफ्ट वाटण्यापेक्षा पातळ चित्रपुस्तक दिलं तर बिघडत नाही.

वाचनालयांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं, म्हणजे या शहराला वाचनालयांची परंपरा काही कमी नाही. पण आमच्या भागातल्या एका वाचनालयात बालविभागाचं कपाट कुलपात असतं. यादीत बघून नाव सांगा, काढून देतो, म्हणतात. सहा वर्षांचं पोर यादी बघून पुस्तक निवडणार का? आणि नोकरी करणारे आईबाप घरी पोचेपर्यंत वाचनालय बंद झालेलं असतं. आठवड्यातून एक दिवस, निदान रविवारी सकाळी, ते कपाट उघडं टाकून मुलांना खाली बसून पुस्तकं उलटसुलट करू द्यायला कितीसा खर्च येतो?

आपल्याकडेही एक मागणी आहे. रविवारच्या पुरवणीत लहान मुलांसाठी अर्धं पान ठेवा. त्यात मोठ्या टायपातली एकच गोष्ट असू द्या, सहा-सात वर्षांच्या मुलाला एका बैठकीत वाचता येईल इतकी. खाली ‘उत्तरे पाठवा आणि बक्षीस जिंका’ नको. आणि छापण्याआधी शुद्धलेखन तेवढं तपासा, आमच्याकडे रफाराचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

आपली नियमित वाचक,
एक आजी, विक्रोळी (पूर्व), मुंबई