मॅडम, तुमच्या त्या एका आकड्यासाठी

मॅडम, नमस्कार.

गाईंच्या नोंदी घ्यायला तुम्ही आमच्या गोठ्यावर यायचात; तुमची बदली झाल्याचं परवा चिकोडीत कळलं. तोंडावर आभार मानायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

तुमच्या आधी जे यायचे, त्यांचा पाय कधी गोठ्याला लागला नाही. कट्ट्यावर चहा घेत नऊ खिल्लार गाईंच्या नोंदी एका बैठकीत उरकायच्या. हरणी गाईला आधी आपल्याच वळूनं भरवलंय, पुन्हा माज दिसला म्हणून मागनं कांडी भरली (कृत्रिम रेतन केलं), हे मी त्यांना दोनदा सांगितलं. 'शेवटचं तेच लिहायचं' म्हणाले. वहीत कालवडीचा बाप म्हणून कांडीचा वळू लागला, आणि त्या वहीवर विसंबून पुढं हरणीची ती कालवड मी आपल्याच वळूला दाखवली. वासरू पायावर उभंच राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं. अजून आठवलं की घास उतरत नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी वही चाळताना थांबलात. 'काका, रेतन ते वेत २४३ दिवस, आणि वासरू पूर्ण भरलेलं? गाय २८० ते २८५ दिवस घेते.' एकवीस-एकवीस दिवसांनी येणारे दोन माज मागं मोजलेत, आणि तारीख नेमकी वळूवर आली. बाप-लेकीच्या जोडीतलं अंतःप्रजनन २५ टक्के, त्यात दडलेले दोष वर येतात, हे तुम्ही गव्हाणीशी बसून समजावलंत.

पण मनात ठसलंय ते त्या संध्याकाळचं. गाईंच्या कानातले बिल्ले तपासून तुम्ही गेला होता. पाऊस लागलेला, आणि तुमची स्कूटी परत दारात. चंद्रीच्या बिल्ल्यावरच्या बारा आकड्यांत शेवटचा ३ की ८, एवढीच शंका. बॅटरीच्या उजेडात ओढणीच्या टोकानं बिल्ल्यावरचं शेण पुसलंत, आकडे मोठ्यानं वाचलेत, मलाही वाचायला लावलेत. आठच होता. ३ वर एक रेघ, वर ८, शेजारी तुमची सही. 'खोडलेलं दिसलं पाहिजे, काका.'

तुमची बोली कानडी, माझी मराठी. रकान्यांची नावं तुम्ही दोन्हींत लिहून दिलीत, कुणी सांगितलं नव्हतं. सीमाभागात भाषेवरनं भांडणं पुष्कळ पाहिली. मुक्या जनावराच्या एका आकड्यासाठी पावसात परत आलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

आता चिंचलीच्या जत्रेत खोंडाचे आईबाप कुणी विचारले की मी वही पुढं करतो.

हरणी सोमवारी व्याली, पाडी झाली. तारीख आणि बापाचा नंबर सुनेनं लिहिला. काटा बिघडला होता, म्हणून वजनाच्या रकान्यात तुम्ही शिकवल्याप्रमाणं नुसती रेघ मारली आहे.

तुमचा,
गोठ्यावरचा काका