सूचना : ब्रिटनमधल्या मुलांचे व्हिसा आणि तिथले सरकारी भत्ते

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता लक्ष्मीनगरच्या नेहमीच्या हॉलमध्ये बैठक आहे. मुलांच्या व्हिसावर ‘सरकारी निधीचा लाभ नाही’ ही अट असेल तर चाइल्ड बेनिफिट (लहान मुलांसाठी मिळणारा तिथला सरकारी भत्ता) कोणी मागायचा, एवढाच विषय.

- नवरा-बायको दोघंही अशी अट असलेल्या वर्क व्हिसावर असतील तर सहसा मागता येत नाही. बाळ तिथे जन्मलं म्हणून अट सुटत नाही.
- एक जण ब्रिटिश नागरिक किंवा तिथला कायम रहिवासी असेल, तर अर्ज त्यानेच स्वतःच्या नावाने करावा. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) मागताना जोडीदाराची माहिती लपवू नये. रक्कम एकट्याच्या दराने मिळते, कमाई मात्र दोघांची धरतात.
- एनएचएसचे (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे) उपचार आणि सरकारी शाळा या अटीत येत नाहीत.

‘शेजाऱ्याने घेतलं, आपणही घेऊ बे’ असं फोनवर सांगू नका. चुकीचा दावा पुढच्या व्हिसाला भोवतो.

मुलीच्या-सुनेच्या बाळंतपणाला व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्यांनी डिंकाचे लाडू नंतर बांधावेत, आधी विमा काढावा. तिथे दाखल व्हावं लागलं तर एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येतं.

बैठकीला येताना ई-व्हिसावरच्या (ऑनलाइन व्हिसावरच्या) अटीचा मजकूर मुलांकडून मागवून आणा. शेअर कोड (ज्याने दुसऱ्याला तो व्हिसा ऑनलाइन पाहता येतो) ग्रुपवर टाकू नका.