जड वाहन प्रशिक्षणातले अपुरे तास आणि न मिळालेली नोकरी : तक्रार पत्र

सोलापूर
दि. २७ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जड वाहन चालक प्रशिक्षण व प्लेसमेंट विभाग,
सोलापूर शाखा

विषय : प्रशिक्षणाचे तास पूर्ण न देणे, नोकरीचे आश्वासन न पाळणे आणि प्लेसमेंट शुल्काच्या परताव्याबाबत.

महोदय,

गेल्या पावसाळ्यात मी आपल्या संस्थेत जड वाहनाचा कोर्स केला. प्रशिक्षणाचे २२,००० आणि प्लेसमेंटचे वेगळे ९,००० रुपये भरले. दोन्ही पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. लायसन्सवर हेवीची नोंद झाली, आपलं प्रमाणपत्रही मिळालं. त्यानंतर दिवाळी गेली, गड्ड्याची यात्रा गेली, आणि आजही मी पूर्वीचाच छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, चालवतो आहे.

नव्या ड्रायव्हरला पहिली गाडी मिळायला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. मालकाच्या डोक्यावर गाडीचा हप्ता असतो, गाडीत भरलेला माल दुसऱ्याचा असतो. अनोळखी पोराच्या हाती चावी देताना तो दहादा विचार करणारच. म्हणून तर मी आपल्याकडे आलो. आपल्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलं आहे : ‘लोड गाडीवर प्रत्यक्ष सराव. कोर्स संपताच १०० टक्के नोकरी.’ या दोन ओळींसाठी मी पैसे भरले. त्यातली पहिली ओळ आपण खरी केली असती, तर दुसरीसाठी मी आपल्या दारात पुन्हा आलोही नसतो.

आपल्या ऑफिसातल्या कर्मचाऱ्याने मला फोनवर ‘कागदी ड्रायव्हर’ म्हटलं. ते मनाला लागलं, म्हणून थोडी माझी माहिती देतो. आमचं घर पूर्व भागातलं, घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील यंत्रमागावर. हलक्या वाहनाचं लायसन्स काढल्यापासून मी टॉवेल-चादरींच्या गाठी कारखान्यातून ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला पोचवतो. शहरात जड गाड्यांना कधी बंदी असते, कुठल्या गल्लीत गाडी वळत नाही, कुठल्या गोडाऊनला रिव्हर्सच लावावी लागते, हे मला पाठ आहे. जड वाहनाच्या शिकाऊ लायसन्ससाठी वय २० पूर्ण लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. या दोन्ही अटी पूर्ण करूनच मी आलो होतो. मला स्टिअरिंग नवीन नव्हतं, मोठी गाडी नवीन होती.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ३१ प्रमाणे परिवहन वाहनाच्या चालकाचं प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं असावं लागतं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास १५ पेक्षा कमी चालत नाहीत. आपल्याकडे काय चालायचं ते लिहितो. एक जुनी सहा चाकी, तीही रिकामी. केबिनमध्ये आम्ही सगळे दाटीवाटीने बसायचो आणि ज्याचा नंबर येईल त्याला मैदानाची एखादी चक्कर मिळायची. बरेचदा नंबर यायच्या आत वेळ संपायची. गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे क्वचितच गेली. हायवेवर नेणार, नेणार म्हणत कोर्स संपला. डिझेल नाही म्हणून सुट्टी, गाडी शिकवणाऱ्या उस्तादांना दुसऱ्या शाखेत पाठवलं म्हणून सुट्टी. रजिस्टरवर मात्र पुढच्या तारखांच्या सह्याही आधीच घेतल्या गेल्या. मी तेव्हाच विचारलं होतं, तर ‘सगळीकडे असंच असतं’ असं उत्तर मिळालं.

उस्तादांबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. हवेचा काटा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, एअर टाकीतलं पाणी सोडायचं, निघण्याआधी प्रत्येक टायर ठोकून बघायचा, हे त्यांनी जीव लावून शिकवलं. पण गाडी एक, माणूस एक, आणि पोरं केबिनभर. ते तरी किती जणांना पुरणार? जास्तीच्या पोरांची फी आपण घेतली, तर जास्तीची गाडी ठेवणंही आपलंच काम होतं.

आता प्लेसमेंटचं. ९,००० रुपयांत मला नोकरीच्या नावाने फोन नंबर मिळाले. पहिला नंबर पाकणीच्या इंधन डेपोवर टँकर लावणाऱ्या एका मालकाचा. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘हॅझार्डसचं सर्टिफिकेट आहे का?’ पेट्रोल-डिझेलसारखा धोकादायक माल वाहायचा तर नियम ९ प्रमाणे चालकाला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. ते प्रशिक्षण आपण मला दिलेलं नाही, हे आपल्याच कागदांवर आहे. तरी मला तिथे पाठवलंत.

मग चाकण. रात्रीच्या एसटीने गेलो, सकाळी गेटवर उभा राहिलो. आत निरोप गेला आणि आतून उत्तर आलं, हेवीचा दोन वर्षांचा अनुभव असेल तरच. आपल्याकडून माझं नाव गेल्याची तिथे नोंदही नव्हती.

तिसऱ्या ठिकाणचा ठेकेदार म्हणाला, मूळ लायसन्स माझ्याकडे जमा कर, वर काही रक्कम ठेव म्हणून दे, आणि सध्या क्लीनर म्हणून जा, खुराकी म्हणजे जेवणाचा खर्च मिळेल, पगाराचं नंतर बघू. पोलिसांनी मागितलं तर लायसन्स दाखवणं कायद्याने चालकावर बंधनकारक आहे. ते दुसऱ्याच्या कपाटात ठेवून मी रस्त्यावर कसा उतरू? क्लीनर म्हणून जाण्यात मला कमीपणा वाटत नाही, हेही इथे स्पष्ट लिहितो. जुने ड्रायव्हर बहुतेक त्याच वाटेने वर आले आहेत. ताडपत्री ओढणं, दोर आवळणं, रात्री गाडीवर जागणं, यातूनच माणूस ही लाइन शिकतो. पण त्या वाटेला फी नसते. बिनपगारी क्लीनरकीला १०० टक्के नोकरी म्हणून विकणं ही फसवणूक आहे आणि ती घरची तंगी असलेल्या पोरांची आहे.

शेवटी मी स्वतःच हिंडलो. डिसेंबरात मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात होती, रात्रभर गाड्या भरून दक्षिणेकडे निघत होत्या. तिथल्या एका हुंडेकऱ्याने, म्हणजे मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्याने, माझी ट्रायल घ्यायची तयारी दाखवली. त्यांच्या दहा चाकीवर आधी रिकामी गाडी धक्क्याला लावायला सांगितली. दोन्ही आरशांत बघत मी ती लावली. मग शेजारी त्यांचा जुना ड्रायव्हर बसला आणि भरलेली गाडी मी हैदराबाद रोडला काढली. मुळेगावच्या पुढे चढावर गिअर पाडायला मला उशीर झाला, गाडीचा दम गेला, आणि त्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घ्यायला लावून स्टिअरिंग स्वतःकडे घेतलं. परत आल्यावर हुंडेकरी मला म्हणाले, ‘रिकाम्या गाडीवर हात बसलाय तुझा, लोडवर बसायचाय. लोडचे तास कागदावर घेऊन ये, मी गाडी देतो.’

त्यांचा शब्द मला अपमानाचा वाटला नाही. भरलेली गाडी थांबायला कितीतरी जास्त जागा घेते. वळणावर वरचा माल बाहेर ओढतो. तुळजापूरच्या घाटासारख्या उतारावर ब्रेकवरच पाय ठेवून उतरलं, तर ब्रेकचे लायनर तापतात आणि ब्रेक धरेनासा होतो. तिथे आधीच खालचा गिअर टाकून, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरावं लागतं. हे सगळं मला तोंडपाठ सांगता येतं, पण पायाला आणि कानाला ते ठाऊक नाही. ते गाडीवर बसल्याशिवाय येत नाही आणि त्या बसण्याचेच पैसे आपण घेतले होते. मी असाच एखाद्या बेफिकीर मालकाच्या गाडीवर चढलो असतो आणि उतारावर काही झालं असतं, तर पुढे जाणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या घरच्यांना आपलं प्रमाणपत्र काय उपयोगाचं?

त्याच आठवड्यात मी आपल्या ऑफिसात येऊन माझ्या तासांच्या नोंदीची प्रत मागितली. प्रशिक्षणार्थ्याने प्रत्यक्ष किती तास गाडी चालवली याचं रजिस्टर संस्थेने नमुना १५ मध्ये ठेवायचं असतं. आधी साहेब नाहीत असं सांगितलं, मग रजिस्टर ऑडिटला गेलं आहे असं, आणि शेवटी ‘तुला प्रमाणपत्र मिळालं ना, आता काय’ असं. लेखी अर्जाची पोच द्यायलाही नकार दिला.

माझी पहिली मागणी पैशांची नाही. मला माझे राहिलेले तास द्या. निदान नियमातले १५ तास खरोखर पूर्ण होतील असे, त्यातला मोठा भाग भरलेल्या गाडीवर आणि हायवेवर, शेजारी उस्ताद बसलेले असताना. त्यासाठी वेगळी फी मागू नका. ज्या दिवशी जितका वेळ गाडी माझ्या हातात असेल, तितकाच त्या दिवशी रजिस्टरवर लिहा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत मला द्या. जुन्या रजिस्टरमधल्या माझ्या नावापुढच्या नोंदींची प्रतही हवी आहे. प्लेसमेंटचे ९,००० रुपये पूर्ण परत करा, कारण त्या पैशांत आपण कुठलंच काम केलेलं नाही. आणि माहितीपत्रकातली ‘१०० टक्के नोकरी’ ही ओळ काढून टाका. माझ्यानंतरच्या बॅचमध्ये आमच्याच गल्लीतली दोन पोरं आली आहेत, त्यांतल्या एकाच्या आईने मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरली आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या नंबरवर, तक्रार नोंदवीन आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींची तक्रार तिथे करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत आहे आणि तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते. प्रशिक्षण संस्थेचा परवाना देणाऱ्या परिवहन कार्यालयाकडेही या पत्राची प्रत त्याच दिवशी देईन. आपल्याशी भांडत बसण्याची मला हौस नाही, पण वेळ आली तर मागे हटणार नाही.

एक विनंती मात्र मनापासून आहे. उसाचा हंगाम अजून चालू आहे, यार्डात कांदा येतो आहे, गाड्यांना माणसं लागत आहेत. फेब्रुवारीत तास सुरू केलेत, तर हंगाम सरायच्या आत मी त्या हुंडेकऱ्यांकडे कागद घेऊन जाऊ शकतो. सकाळी सहाला बोलावलंत तरी येईन, रात्री बोलावलंत तरी येईन.

उत्तर लेखी द्यावे, फोनवर नको.

आपला,
जड वाहन प्रशिक्षणार्थी
पूर्व भाग, सोलापूर

सोबत : दोन्ही पावत्या, माहितीपत्रक, प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि लायसन्स यांच्या प्रती.